छोटा फोन घेऊन पाच-सहा वर्षं निभतील का?

बालाघाटवाट (प्रश्न)

सध्याचा ६.७ इंची फोन एका हातात मावत नाही आणि जरा वाकलं की शर्टाच्या खिशातून बाहेर येतो. पुढचा फोन छोटाच घ्यायचाय. पण दर दोन वर्षांनी फोन बदलणं परवडत नाही आणि पटतही नाही. एकदा घेतला की किमान पाच वर्षं हलायचं नाही, असा हिशोब आहे.

वापर असा: दिवसभर अंबाजोगाई, केज, धारूर भागात दुचाकीवर फिरणं, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, ई-पीक पाहणी, कागदपत्रांचे फोटो, रोज तासभर व्हिडिओ. गेम अजिबात नाहीत. रेंज बऱ्याच ठिकाणी कमजोर असते. उन्हाळा आपल्याकडचा कसा असतो ते सांगायला नको.

तीन गोष्टी विचारायच्यात. छोट्या फोनची बॅटरी किती वर्षं टिकते आणि बदलून घेणं फायद्याचं ठरतं का? अपडेट किती वर्षं मिळतात हे नक्की कसं मोजायचं? आणि नुसत्या पैशात पाहिलं तर छोटा फोन महाग पडतो का? आयफोन १३ मिनी, गॅलेक्सी एस२३, एस२४, पिक्सेल ८ अशी नावं डोक्यात आहेत. जुना चालेल.

---

फ्लक्स_पेस्ट

दुरुस्तीच्या टेबलावरून बॅटरीपुरतं सांगतो, कारण छोट्या फोनचा सगळा जीव तिथंच अडकलेला असतो.

एमएएच बघू नका, वॅट-तास (बॅटरीत एकूण मावणारी वीज) बघा. १३ मिनीची बॅटरी २४०६ एमएएच, म्हणजे साधारण ९.३ वॅट-तास. एस२४ ची ४००० एमएएच, साधारण १५.५. आजच्या नेहमीच्या मोठ्या फोनची ५०००, म्हणजे १९ च्या पुढं. छोटी स्क्रीन वीज कमी खाते हे खरं, पण बॅटरी जेवढी लहान असते त्या मानाने ही बचत कमीच पडते. समजा तुमच्या वापराला मिनीत दिवसाला ७ वॅट-तास लागले, एस२४ मध्ये ८ आणि मोठ्या फोनमध्ये ९. म्हणजे मिनीची रोज पाऊण सायकल (एक सायकल म्हणजे एका पूर्ण बॅटरीएवढा वापर) संपली, बाकी दोघांची अर्धी. आता ५०० सायकलींचा हिशोब लावा: मिनीला २२ महिने, एस२४ ला ३२, मोठ्याला ३५. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांसाठी अ‍ॅपलच सांगतं की ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी रचना आहे. आयफोन १५ पासून तो आकडा १००० केला.

म्हणून मिनी पाच वर्षं वापरायचा तर दोनदा बॅटरी बदलायची तयारी ठेवा. एस२३, एस२४ ला एकदा पुरते. हा फोनमधला दोष नाही. बाइकला जसा टायर लागतो तसा हा खर्च पहिल्या दिवशीच धरून चालायचा.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळ्यात जास्त मार बसतो: उष्णता आणि भरलेली बॅटरी. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो. त्यात शंभर टक्के भरलेला फोन बाइकच्या होल्डरला उन्हात लावून मॅप चालू ठेवला तर बॅटरी सायकल न संपताही म्हातारी होते. अ‍ॅपलने वापरासाठी दिलेली तापमानाची मर्यादाच ० ते ३५ अंश आहे. छोट्या फोनला उष्णता बाहेर टाकायला पत्रा कमी, म्हणून तो लवकर तापतो, मग स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग ८० वर थांबतं. लोक म्हणतात "फोन बिघडला, चार्जच होईना झालाय". तसं नसतंय, तो स्वतःला वाचवायलाय. सावलीत ठेवा, कव्हर काढा, अर्ध्या तासाने चार्जिंग सुरू होतं. फ्रीजमध्ये किंवा कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, आत दव धरतं.

उन्हाळ्यापुरत्या सवयी: चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, शक्यतो साध्या १५-२० वॅटच्या चार्जरने. सॅमसंग आणि पिक्सेलमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे ती चालू करा. आयफोनमध्ये ती १५ पासून पुढंच मिळते, १३ मिनीत फक्त ऑप्टिमाइज्ड चार्जिंग (तुमची सवय ओळखून ८० च्या पुढचं चार्जिंग लांबवणं) आहे. तुम्ही दिवसभर बाहेर असता, त्यामुळं मिनीवर ८० ची मर्यादा झेपायची नाही. एस२४ वर झेपेल.

इन्व्हर्टरवर चार्जिंग लावल्यावर टच उड्या मारत असेल, आपोआप टाइप होत असेल, तर आधी चार्जर बदलून बघा. स्वस्त चार्जरमध्ये गाळणी नीट नसते, विजेतला गोंगाट टच पॅनलपर्यंत जातो. लोक थेट स्क्रीन बदलायला घेऊन येतात आणि उगाच खर्चात पडतात.

आणखी एक, बाइकचा होल्डर. इंजिनाच्या सततच्या कंपनाने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, हे अ‍ॅपलने २०२१ मध्येच आपल्या मदतीच्या पानावर लिहिलंय. व्हिडिओ जेलीसारखा हलायला लागला किंवा कॅमेरा उघडताच बारीक टकटक ऐकू आली की समजा. तेव्हा कॅमेऱ्याचं मॉड्यूलच बदलावं लागतं. होल्डर लावायचाच तर रबरी डँपरवाला लावा, नाहीतर फोन खिशात आणि रस्ता कानात ऐका.

---

हिशोबवही

अपडेट आणि पैसे, दोन्हीचं एकत्र सांगतो.

अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दुकानदार "सात वर्षं अपडेट" म्हणतो तेव्हा हेच राहून जातं. गॅलेक्सी एस२३ फेब्रुवारी २०२३ चा. त्याला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सिक्युरिटी पॅच (सुरक्षेचे अपडेट), म्हणजे २०२८ च्या सुरुवातीला संपलं. एस२४ जानेवारी २०२४ चा, सात वर्षं, म्हणजे २०३१ ची सुरुवात. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ चा, तोही सात वर्षं, ऑक्टोबर २०३० पर्यंत. पिक्सेल ८ए मे २०२४ चा, मे २०३१ पर्यंत. तुम्हाला पाच वर्षं हवीत, तेव्हा एस२३ कितीही स्वस्त मिळाला तरी यादीतून काढा.

आयफोन किती वर्षं चालेल हे अ‍ॅपल आधी ठरवून सांगत नाही, मागच्यावरून अंदाज करायचा. २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर २०२५ च्या आयओएस २६ मध्ये वगळले, म्हणजे सात वर्षांनी. १३ मिनी सप्टेंबर २०२१ चा आहे, तो आयओएस २६ चालवतो. त्याच चालीने गेला तर अजून काही वर्षं आहेत, पण पाच पूर्ण धरू नका.

अपडेट संपले म्हणजे फोन बंद पडला असं नाही. खरी अडचण अ‍ॅपच्या बाजूने येते. व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले, आणि त्याच वर्षी मे पासून आयफोनला आयओएस १५.१ ची अट लावली. एवढ्यावरून वाटेल की दहा वर्षं निवांत. पण बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप किमान आवृत्ती याहून बरीच वर सरकवतात. शिवाय सिक्युरिटी पॅच बंद असलेल्या फोनमध्ये बँकेचं खातं ठेवणं मला पटत नाही. पॅच थांबले की यूपीआय दुसऱ्या फोनवर हलवा, जुना फोन कॅमेरा आणि रेडिओ म्हणून वापरा.

आता पैसे. आकडे समजण्यापुरते धरतो, तुमच्या गावचा भाव घालून पुन्हा मांडा. सूत्र एकच: खरेदी अधिक बॅटऱ्या, वजा शेवटी मिळणारी किंमत, भागिले वर्षं.

नवा छोटा फोन ४५,००० ला घेतला, सहा वर्षं वापरला, दोन बॅटऱ्यांचे ८,००० घातले, शेवटी ३,००० ला विकला. वर्षाला साधारण ८,३०० पडले. तोच फोन दर दोन वर्षांनी बदलला आणि दर वेळी जुना १८,००० ला गेला, तर वर्षाला १३,५००. इथपर्यंत छोटा फोन धरून ठेवणारा वर्षाला पाच हजार वाचवतो.

पण १८,००० चा मोठा फोन घेऊन तो चार वर्षं वापरला, मध्ये २,००० ची बॅटरी टाकली आणि शेवटी २,००० ला दिला, तर वर्षाला फक्त ४,५०० पडतात. म्हणजे नुसत्या रुपयात छोटा फोन जिंकत नाही. चांगल्या दर्जाचे छोटे फोन स्वस्त वर्गात येतच नाहीत, हे त्याचं कारण. वर्षाला जे साडेतीन-चार हजार जास्त जातात ते हातात नीट बसणं, चांगला कॅमेरा, लांब अपडेट यांचे. ते तुम्हाला मोलाचे वाटत असतील तर खुशाल घ्या, पण "छोटा घेऊन पैसे वाचतील" या समजुतीने घेऊ नका.

ही दरी कमी करायचा एक चांगला मार्ग आहे: पुढचं मॉडेल आल्यावर आधीचं घेणं. पुढचं मॉडेल बाजारात आलं की आधीचं उतरतं, अपडेटचं मात्र एकच वर्ष जातं. सात वर्षांच्या वायद्यात एक वर्ष गेलेलं परवडतं, चार वर्षांच्या वायद्यात परवडत नाही.

आणि इंचावर जाऊ नका, रुंदी बघा, हातात पकड रुंदीवर ठरते. १३ मिनी ६४.२ मिमी. एस२४ ७०.६, पिक्सेल ८ ७०.८. वनप्लस १३एस ६.३ इंचाचा, ७१.७ मिमी. मोठे फोन ७६ ते ७८ मिमीचे असतात. अंगठा पलीकडच्या कडेला पोचतो की नाही हे या पाच-सहा मिमीवर ठरतं. वजनात एस२४ १६७ ग्रॅम, वनप्लस १३एस १८५, कारण त्यात ५८५० एमएएच बॅटरी आहे. तुमच्यासारख्या दिवसभर फिरणाऱ्याने हे १८ ग्रॅम जरूर सोसावेत. सिलिकॉन-कार्बन बॅटरी (तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणारी) आल्यापासून छोट्या फोनची जुनी तक्रार बरीच मिटली आहे. १३एसचा वायदा मात्र चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सिक्युरिटी असा आहे, तो जून २०२५ पासून मोजा.

---

गोदाकाठ_४३१

दोघांचं पटतं, पण मराठीत काम करणाऱ्याने छोट्या स्क्रीनवर काय अडतं तेही बघावं.

मिनीच्या ६४ मिमी रुंदीत देवनागरीचा पूर्ण कीबोर्ड फार दाटीचा होतो. जीबोर्डमध्ये रोमनमधून मराठी लिहायची सोय आहे, ती वापरली तर कळा इंग्रजीएवढ्याच राहतात, किंवा सरळ बोलून टाइप करा. दुसरं म्हणजे अक्षर. मात्रा, रफार, जोडाक्षरं बारीक आकारात एकमेकांत मिसळतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने अक्षर मोठं केलं की छोट्या स्क्रीनवर सातबाऱ्याच्या पीडीएफच्या दोन ओळी दिसतात, बाकी सगळं सरकवत बसायचं. तुमचं जर कागद वाचण्याचं काम जास्त असेल तर ६.१-६.३ च्या खाली जाऊ नका. मिनी मी तुमच्या यादीतून काढीन.

रेंजचं महत्त्व सगळ्यात जास्त आहे, त्यावर कुणी बोललं नाही. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो आणि बॅटरी त्यातच जाते. छोट्या बॅटरीत हे दुपारीच जाणवतं. केज-धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात फोन ५जी आणि ४जी मध्ये सारखा झोके घेत असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क ४जी वर बांधून टाका. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपला ४जी भरपूर झालं. दुसऱ्या सिमचा डेटा लागत नसेल तर त्यावरचं ५जीही बंद करा.

बँडही (फोन कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते) बघून घ्या. जिओचं ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी म्हणजे एन२८ आणि बीएसएनएलच्या ४जी साठी बँड २८. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, त्यामुळे खेड्यात ह्याच बँडचा उपयोग होतो. भारतात विकलेल्या मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या पानावर बँड पाहा. परदेशातून आणलेला जुना फोन स्वस्त दिसतो, पण त्यात आपले बँड कमी असू शकतात, आणि वॉरंटीही इथं चालेलच असं नाही.

ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून लोकेशन घ्यावं लागतं. फोन तापून स्क्रीन मंद झाली की उन्हात काहीच दिसत नाही. एस२४ चा उजेड उन्हात पुरतो, पण सतत जीपीएस आणि कॅमेरा चालू ठेवला की कुठलाही छोटा फोन तापणारच. सकाळी दहाच्या आत ही कामं उरका. फोटो आधी काढून ठेवता येत असतील तर अपलोड रेंजमध्ये आल्यावर करा.

---

बालाघाटवाट

मिनी आणि एस२३ दोन्ही बाद केले. एस२४ जुना किंवा वनप्लस १३एस नवा, एवढंच उरलं. जुना घेताना आणि पुढं बॅटरी बदलताना फसगत होऊ नये म्हणून काय बघायचं? आमच्याकडं अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळ नाही, संभाजीनगर किंवा लातूरलाच जावं लागतं.

---

फ्लक्स_पेस्ट

दादा, जुना घेताना पैसे देण्याआधी हे त्याच्या समोरच करा.

*#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घ्या. १४४२२ वर केवायएम, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस पाठवा. संचार साथी या सरकारी पोर्टलवरही बघता येतं. तिथं ब्लॉक किंवा डुप्लिकेट दिसला तर सौदा तिथंच सोडा. आयएमईआय बॉक्सवरचा, बिलावरचा आणि स्क्रीनवरचा एकच हवा. मग विकणाऱ्यालाच त्याचं गूगल आणि सॅमसंग खातं काढायला लावा, फॅक्टरी रीसेट करा आणि फोन पहिल्यापासून सुरू होऊन होम स्क्रीनपर्यंत जातोय ते बघा. जुनं खातं मागितलं तर नको. हप्त्यावर घेतलेल्या फोनला फायनान्सचं लॉक असतं. हप्ते थकले की ते नंतर कधीही पडू शकतं, म्हणून हप्ते फिटल्याचा कागद मागा.

स्क्रीनवर पूर्ण पांढरा, मग पूर्ण हिरवा, मग राखाडी फोटो लावा. एमोलेडवर उभी हिरवी-गुलाबी रेघ, किंवा कीबोर्डच्या जागी पिवळट छाप असेल तर स्क्रीन बदलायची वेळ जवळ आलीय. अशा फोनला हात लावू नका, कारण स्क्रीनचा खर्च तीन-चार बॅटऱ्यांएवढा असतो.

बॅटरीची टक्केवारी दाखवली म्हणून विश्वास ठेवू नका. बॅटरीची नोंद चिपमध्ये असते आणि ती बदलायची यंत्रं बाजारात मिळतात, जुन्या बॅटरीची पट्टी काढून नव्या सेलला जोडणारेही आहेत. त्यापेक्षा साठ-सत्तर टक्के चार्ज असताना पंधरा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्डिंग लावा. टक्का एक-एक उतरला पाहिजे. ४४ वरून एकदम ३७ झाला, किंवा २० टक्के असताना फोन बंद पडला, तर बॅटरी गेली. भावातून बॅटरीचे पैसे कमी करून मागा. मागचं काचेचं झाकण कडेने कुठं जरा उचललेलं दिसतं का, तेही बघा. फुगलेली बॅटरी ते आतून वर ढकलत असते. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको.

चार्जिंगची पिन ढिली वाटली तर लगेच पोर्ट खराब समजू नका. आपल्याकडं जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि धूळ पोर्टच्या तळाशी दाबून बसते, नमद्यासारखा थर होतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिक पातळ करून कडेने अलगद फिरवा, थर एकाच तुकड्यात निघतो. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका, सी-टाइपच्या मधली पट्टी वाकते आणि मग खरंच पोर्ट बदलावा लागतो.

बॅटरी शक्यतो अधिकृत ठिकाणीच बदला, त्यासाठी एक चक्कर मारायला हरकत नाही. संभाजीनगरच्या पैठण गेटसारख्या बाजारात करायची झाली तर उभं राहून करून घ्या आणि क्रम बघा. फोन उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणलेला हवा, कारण भरलेल्या सेलला टोच लागली तर आग लवकर धरते. मागची काच साधारण ७०-८० अंशांवर पाचेक मिनिटं गरम करून पातळ प्लास्टिक पत्तीने सोडवतात. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बॅटरी खाली गोंदाने चिकटलेली असते. तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून दोन मिनिटं थांबायचं आणि मग प्लास्टिकच्या कार्डाने उचलायची. कारागीर स्क्रूड्रायव्हर घालून उपसायला लागला तर थांबवा. जुना गोंद पूर्ण पुसून नवी चिकटपट्टी लावायला सांगा. तरीही पाण्यापासूनचं मूळ संरक्षण पहिल्यासारखं राहिलं असं धरू नका, पावसाळ्यात फोन प्लास्टिक पिशवीतच ठेवा.

नव्या बॅटरीवर उत्पादनाचा महिना बघा, वर्षाच्या आतला हवा. लावण्याआधी मल्टीमीटरने मोजली तर ३.७ ते ३.९ व्होल्टच्या आसपास असते. ३ च्या खाली गेलेली परत करा, ती दुकानात पडून मेलेली असते. मूळ बॅटरीपेक्षा जास्त एमएएच छापलेली, पण हाताला हलकी लागणारी बॅटरी घेऊ नका. जागा तेवढीच असताना क्षमता कागदावरच वाढवलेली असते.

१३एस नवा घेतला तर यातलं बहुतेक पहिली तीन वर्षं लागायचं नाही. तुमच्या फिरतीला मी तोच सुचवीन.

---

हिशोबवही

एक राहिलं, स्टोरेज. पाच वर्षांसाठी २५६ जीबी घ्या. दोन्हीत मेमरी कार्डाची सोय नाही आणि फोन ९० टक्क्यांच्या वर भरला की लिहिण्याचा वेग पडतो, मग फोन "म्हातारा" वाटायला लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ऑटो-डाउनलोड बंद करा आणि महिन्यातून एकदा मॅनेज स्टोरेजमधून ५ एमबीच्या वरचे व्हिडिओ काढा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे व्हिडिओ बॅकअपमधून वगळा, नाहीतर जीमेलही अडेल.

---

बालाघाटवाट

ठरलं, १३एस, मोठ्या स्टोरेजचा. उन्हाळ्यापुरता ८० चा नियम आणि ४जी वर बांधणं लगेच करतो. होल्डरला डँपर लावून घेतो.